श्वास धरा

सिव्हिलच्या सात नंबरच्या खोलीत
दिवसभर मी तीनच वाक्यं बोलतो, दोन भाषांत.
श्वास घ्या. धरा. सोडा.
उसिरु तगोळ्री. हिडीरी. बिड्री.
खटल्याची तारीख तोंडपाठ असलेले,
दारावरची पाटी वाचता न येणारे,
सगळेच प्लेटीला छाती लावतात
आणि माझ्या शब्दाखातर
क्षणभर गप्प राहतात.

आज प्लेटीशी आप्पा.
शर्ट काढताना दोनदा बसला.
कार्डावर: कल्लाप्पा भरमू पाथरूट, वय बावन्न,
धंदा शेती.
शेती आम्हांला कधीच नव्हती.
परसात दोन पपया होत्या,
त्याच लिहिल्या असतील कुणीतरी.

धरा, म्हणालो.
"आत आलं तर धरू की गा."

यमकनमर्डीच्या वरच्या अंगाला, खाणीत,
सुरुंगाआधी हाळी द्यायचं काम त्याचं.
बार हाय, बाऽर!
त्या हाळीनं उतारावरची गुरं,
बाभळीखालचा चहा, वळणावरची येष्टी
जागच्या जागी थांबायची.
मग डोंगर एकदा शिंकायचा
आणि पांढरं खाली येत राहायचं,
दिवेलागणीपर्यंत, भाकरीवर, पापण्यांवर.
आता हाळी
खाटेपासून उंबऱ्यापर्यंत पोचत नाही.
आईनं उशाला पितळी वाटी आणि चमचा ठेवलाय,
वाजवायला.

दुरगाप्पा गेला. मग रामण्णा.
मग रामण्णाची सून लक्कव्वा,
जी नुसती खडीची बुट्टी उचलायची.
सगळ्यांच्या कागदावर टीबी.
आप्पानंही दोन कोर्स पुरे केले,
नारिंगी मुतत, एक गोळी न चुकवता.
मुकादम म्हणायचा, गूळ खावा,
गुळानं धूळ सुटते.
गूळ तोच द्यायचा, दर शनिवारी,
पगारातनं कापून.

जुन्या फिल्मा आईनं गादीखाली जपल्यात.
ग्रहणाच्या दिवशी गल्लीतली पोरं
त्यातली एक मागून घेऊन गेली.
आप्पाच्या बरगड्यांतून त्यांनी
कोरलेला सूर्य बघितला.
मधे मधे ठिपके कसले रे?
चांदण्या असतील, दुसरा म्हणाला,
दिवसा दिसत न्हाईत त्या.

आज पडद्यावर
ठिपक्यांचे ढग झालेत.
मधल्या गाठींना
अंड्याच्या टरफलाची पांढरी कड.
मला निदान लिहायचा हक्क नाही.
मोठ्या डॉक्टरांनी कन्नडात विचारलं,
खाणीत होता याला पुरावा? हजेरी? मस्टर?
मी पडद्याकडे बोट केलं.
हा नव्हे, म्हणाले, कागद.

क्रशरची पाटी तीनदा बदलली.
कागदावर तिथं आता काजूची बाग आहे.

आणि एक सांगायचं राहिलं.
त्याच बाभळीला माझी झोळी असायची.
आई तिच्यावर ओलं लुगडं टाकायची.
वाळलं की पांढरं,
झटकलं की पुन्हा ओलं.
किती महिने? की वर्षं?
तिला आठवत नाही.
किंवा आठवतं, आणि ती
चुलीत उगाच फुंकर घालत बसते.

दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत,
दार लोटून मी आप्पाला काचेमागं बसवलं.
बटण दाखवलं.
हे दाब, खरं आधी बोल. मी काय बोलतो ते.
त्यानं हयातभर सुरुंग भरले,
आणि बटणाकडे बघून बोट मागं घेतलं.

प्लेट गार होती.
बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.
मी कधीचा श्वास धरून.

मग काचेमागून,
खरडून आणल्यासारखा, पुरता फाटलेला आवाज.
"बार हाय," आप्पा म्हणाला,
"बाऽर."